आधी म्युझियम, मग मी सोन, शेवटी होई आन

व्हिएतनामच्या मध्यभागात थू बोन नदीकाठी होई आन हे जुनं बंदर आहे आणि तिथून साधारण चाळीस किलोमीटरवर मी सोन ही पूर्वी या भागावर राज्य करणाऱ्या चाम राजांची देवळं. दोन्ही ठिकाणं 1999 साली जागतिक वारशाच्या यादीत आली. बहुतेक लोक आधी होई आनच्या कंदिलांत रमतात आणि वेळ उरला तर मी सोन उरकतात. आम्ही क्रम उलटा लावला.

विमान जवळच्या दानांग शहरात उतरतं. ई-व्हिसा घरूनच काढला होता, त्यामुळे विमानतळावर फार वेळ गेला नाही. त्याच दिवशी आईला घेऊन तिथलं चाम शिल्पांचं म्युझियम गाठलं. मी सोनच्या उत्तम मूर्ती आता मी सोनला नाहीत, इथे आहेत. सातव्या शतकातली कोरीव वेदी आहे, आणि एक गणपती, चक्क उभा! सोंड डाव्या हातातल्या वाटीत. आई त्याच्यासमोरून हलेना. शेवटी तिथल्या बाकावरच बसली.

मी सोनला स्कूटरने जायचा मोह होतो, पण आपल्याकडे मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना 1949 च्या करारातला असतो आणि व्हिएतनाम 1968 चा मानतं. अपघात झाला तर विमाही हात वर करेल. म्हणून हॉटेलमार्फत जाऊन-येऊन गाडी ठरवली. नुसती जायची ॲपवरून मिळते, पण तिकडे डोंगरात परतीची शोधत कोण बसणार? पहाटेच निघालो. नऊनंतर बसगाड्या येतात आणि उकाडाही सुरू होतो. तिकीट दीड लाख डोंग. आकडा ऐकून आईने माझ्याकडे पाहिलं, पण आपले पाचेकशे रुपये होतात. दारापासून आत बॅटरीवरची गाडी नेते, त्यामुळे गुडघेदुखीवाल्यांचीही सोय होते.

भद्रवर्मन राजाने चौथ्या शतकात इथे भद्रेश्वराचं देऊळ बांधलं. ते जळलं, मग शंभुवर्मनने पुन्हा उभारलं. शिलालेख संस्कृतात आणि चाम भाषेत आहेत. लाल विटा एकमेकींवर अशा बसवल्यात की सांध्यात चुना दिसत नाही. हे कसं साधलं, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. अमेरिकन बॉम्बफेकीत 1969 साली इथलं सर्वांत भव्य शिखर कोसळलं. देवळांच्या शेजारचे खोलगट खड्डे त्याच बॉम्बचे. त्यावर आता गवत आहे, शेजारी पाटी नसती तर तळंच वाटलं असतं.

इथल्या देवळांचे अक्षरांनुसार गट पाडलेत, त्यातल्या अ गटातल्या (A) देवळांचं जतन आपल्या पुरातत्त्व खात्याने केलंय. त्या कामात 2020 साली नवव्या शतकातलं एकसंध दगडी शिवलिंग सापडलं. आईने चप्पल काढून लांबूनच हात जोडले. मग अभिषेकाचं पाणी बाहेर जायची वाट कुठे आहे, ते वाकून शोधू लागली. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, गावच्या महादेवापाशी ती हेच बघते.

दुपारी होई आन. जुन्या गावाचं तिकीट एक लाख वीस हजार डोंग, त्याला जोडलेल्या कुपनांवर घरं, चिनी सभागृहं वगैरेंतून आपल्याला हवी ती निवडायची. जपानी पूल बाहेरून फुकट दिसतो आणि वीस हजारांच्या नोटेवरही आहे, तिथे कुपन घालवायची गरज नाही. तान की हे व्यापाऱ्याचं जुनं घर मात्र चुकवू नका. पुढचं दार गल्लीत, मागचं नदीच्या बाजूला, म्हणजे माल थेट होडीत. भिंतीवर पुराच्या रेषा आहेत, साल लिहून. काही माझ्या डोक्याच्या वर. ऑक्टोबर-नोव्हेंबर टाळा म्हणतात ते एवढ्यासाठीच. फेब्रुवारी ते एप्रिल बरा.

कंदिलांचं म्हणाल तर संध्याकाळी गर्दीत आम्ही थोडं चाललो आणि परत फिरलो. शाकाहारी असाल तर ‘चाय’ असं लिहिलेली हॉटेलं शोधा. तिथे तो चहा नव्हे, शाकाहार! अमावास्या-पौर्णिमेला तर बरेच स्थानिकही तेच खातात, त्या दिवशी जागा लवकर धरा.