डिहायड्रेटर घेताय? आधी पिनकोडचं विचारून घ्या

निपाणीत वाळवणाचं नवल कुणाला नाही. तंबाखूचं गाव आमचं. पान किती ओलं राहिलं की बुरशी धरतं, हे इथल्या शेतकऱ्याला नुसता हात लावून कळतं. आमच्या आत्ती अजून दर उन्हाळ्यात कुरड्या, सांडगे आणि भरल्या मिरच्या गच्चीवर घालतात. पण टोमॅटोचं तसं नाही. त्यात ९४-९५ टक्के पाणी. एप्रिल-मेमध्ये दुपार कलली की वळीव गाठतो आणि जूनपासून उन्हाचा भरवसा उरत नाही. दमट हवेत टोमॅटो वाळायच्या आधी आंबतो. बाजारात माल मातीमोल झाला की शेतकरी रस्त्याकडेला ओतून जातात, ते बघवत नाही. म्हणून विजेवरचा डिहायड्रेटर, म्हणजे भाज्या-फळं वाळवायचं यंत्र, घेतला.

मागवणं, पैसे भरणं, घरपोच येणं, सगळं बिनबोभाट झालं. घेणाऱ्यांनी एवढंच बघावं की पंखा मागच्या बाजूला असावा. तळाशी पंखा असला की खालचा ट्रे आधी वाळतो आणि ट्रे सारखे वर-खाली करत बसावं लागतं.

घोडं अडलं ते पुढे. भाज्यांना ५२ ते ५७ अंश सेल्सिअस पुरतात, म्हणून मी ५५ लावून जवारी टोमॅटोच्या चकत्या घातल्या. सकाळी बघते तर कडा काळपट आणि चामड्यासारख्या चिवट. मधोमध बोटानं दाबलं की रस बाहेर! उष्णता जास्त झाली की वरचा थर आधी घट्ट होतो आणि आतलं पाणी आतच कोंडतं. अशी चकती वरून वाळलेली दिसते, पण बरणीत गेली की आतून बुरशी धरते. केकसाठी आणलेला ओव्हनचा थर्मामीटर ट्रेवर ठेवला. यंत्रावर ५५ आणि काट्यावर ७८. यंत्रातच बिघाड होता आणि वॉरंटी चालू होती.

तक्रार नोंदवायला ॲपवर पिनकोड टाकला. आमचा ५९१ नं सुरू होतो, म्हणजे कर्नाटक, म्हणजे तक्रार थेट बेंगळुरूला. तिथून उत्तर आलं की माणूस येईल. आला कुणीच नाही. काही दिवसांनी मोबाईलवर मेसेज, ‘आपली तक्रार निवारण झाली आहे’. पुन्हा तक्रार, पुन्हा नवा नंबर, पुन्हा पहिल्यापासून तीच हकीकत आणि तेच फोटो. दर वेळी फोनवर वेगळा माणूस, आणि दर वेळी पहिला प्रश्न पिनकोडचा. इकडे याच कंपनीचं सर्व्हिस सेंटर कोल्हापुरात, निपाणीपासून ४० किलोमीटरवर. बेंगळुरू ५०० किलोमीटरच्या पुढे.

कोल्हापूरला फोन लावला. तो मुलगा बोलायला चांगला होता. म्हणाला, “वैनी, मशीन आमच्याकडंच दुरुस्त हुतंय, पार्टबी हाय. पण ५९१ टाकलं की सिस्टीम घेतच नाही बघा. कागलचा कुणाचा तर पत्ता द्या.” कागल सीमेपलीकडे महाराष्ट्रात, तिथे नणंद राहते, पत्ता देता आला असता. पण बिल निपाणीचं, वॉरंटी निपाणीच्या पत्त्यावर. आणि मी माझ्या गावचा पत्ता का लपवावा? आमची दवाखान्याची धाव कोल्हापूरला, लग्नाचा बस्ता कोल्हापूरला, सोनं कोल्हापूरला. विकताना निपाणीपर्यंत गाडी येते आणि दुरुस्तीच्या वेळी तेवढी मध्ये सीमा उभी राहते. याचा राग मला आजही आहे.

शेवटी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनला, १९१५ ला फोन केला. तिथे मराठीतही बोलता येतं, हे अनेकांना ठाऊक नसतं. बिल, यंत्रावरचा आकडा आणि थर्मामीटरचा काटा एकाच फोटोत, तक्रारींचे सगळे नंबर, असं सगळं दिलं. मग कंपनीतून वरच्या साहेबांचा फोन आला आणि यंत्र कोल्हापूरला नेऊन द्यायची परवानगी मिळाली. एसटीनं नेलं. त्या मुलानं मागचं झाकण काढून तापमानाचा सेन्सर बदलला. अर्ध्या तासाचं काम! समोर थर्मामीटर ठेवून ५५ चे ५५ दाखवले, तेव्हाच मी खोकं उचललं. तो थर्मामीटर आता यंत्रातच असतो. तुम्हीही पहिल्या दिवशी रिकामं यंत्र चालवून आकडा ताडून बघा, आणि पैसे भरण्याआधी आपल्या पिनकोडला कुठलं सेंटर लागतं ते लेखी विचारून घ्या.

आता अधूनमधून काही ना काही सुरू असतं. मेथी आणि कढीपत्ता ४० च्या आत ठेवावा, रंग हिरवा राहतो. कोथिंबिरीच्या नादी लागू नका, वास उडून जातो. गाजर चिरून दोन-तीन मिनिटं वाफवायचं, लगेच गार पाण्यात टाकायचं आणि नीट पुसून मग ट्रेवर. न वाफवता वाळवलं तर महिन्या-दोन महिन्यांत रंग आणि चव दोन्ही उतरतात. चकत्या सगळ्या सारख्या जाडीच्या, पाच-सहा मिलिमीटरच्या. हे सुरुवातीलाच सांगायला हवं होतं. जाड-बारीक झाल्या की निम्म्या करपतात, निम्म्या ओल्या राहतात. भाजी कडकडीत मोडली पाहिजे. फळ मात्र लवचिक राहतं, पण दाबल्यावर ओल दिसता कामा नये.

विजेचं बरेच जण विचारतात. ५०० वॅटचं यंत्र १० तास चाललं तर फार तर ५ युनिट. आपल्याकडे कर्नाटकात गृहज्योती ही मोफत विजेची योजना आहे, पण प्रत्येक घराची मोफत युनिटं आधीच्या वापराच्या सरासरीवर थोडी जास्त धरून ठरलेली आहेत. त्यावरच्या युनिटांचे पैसे पडतात आणि महिन्याला २०० च्या पुढे गेलात तर पूर्ण बिल येतं. म्हणून महिन्यातले वाळवणाचे दिवस मी आधी ठरवते.

आणि फळं वाळली की लगेच डबा गच्च भरू नका. काचेची बरणी दोन तृतीयांश भरा, आठ-दहा दिवस रोज हलवा. काचेला आतून दव दिसलं तर सगळं परत ट्रेवर. बुरशी दिसली तर मात्र अख्खी बरणी टाकून द्या, वरचं काढून खालचं खाऊ नका.