ससाण्याला जेवू द्या

आईला माझे हे ससाण्याच्या शिकारीचे फोटो बघवत नाहीत. "मुक्या जिवाचा जीव जातोय आणि तू क्लिक क्लिक काय करतोस?" म्हणते. तिचं वाईट वाटणं खरं आहे. पण मला ससाण्याचं जेवणही तितकंच बघण्यासारखं वाटतं.

हिवाळ्यात मुंबईत बहिरी ससाणे येतात आणि उंच टॉवरच्या कठड्यांवर मुक्काम ठोकतात. कबुतरांची इथे ददात नाही. सूर मारताना ससाण्यांचा वेग ताशी ३०० किलोमीटरच्या वर जातो. तो क्षण टिपायच्या मागे मी नसतो. मला हवं असतं त्यानंतरचं. चोचीच्या कडेला दातासारखं टोक असतं, त्याने ससाणा भक्ष्याच्या मानेचे मणके तोडतो. मग पिसं उपटणं सुरू. किती निगुतीने! वाऱ्यावर ती पिसं पार खालच्या मजल्यांच्या ग्रिलपर्यंत जातात.

पिसं उपटताना ससाण्याची मान सतत झटके देते, म्हणून शटर १/१००० सेकंदाच्या आसपास, फोकस डोळ्यावर. मागे उजळ आभाळ असलं की पक्षी काळा पडतो, तेव्हा एक्स्पोजर, म्हणजे फोटोत येणारा उजेड, थोडं वाढवायचं.

जवळ मात्र जायचं नाही. ड्रोन तर नकोच नको. ससाणा दचकून उडाला तर शिकार कावळ्या-घारींच्या तोंडी जाते आणि त्याला पुन्हा सगळी ताकद लावावी लागते. दूरच्या गच्चीवरून, लांब लेन्सने मिळेल तेवढंच घ्यायचं. सोसायटीत कुणी त्याला हाकलायची भाषा केली तर मी स्पष्ट सांगतो: १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत हा पक्षी आहे, त्याला हात लावायचा नाही.