पाठीवरची दोन अक्षरे

जुन्या शस्त्रांची सफाई, जतन आणि नोंदणी हा माझा व्यवसाय आहे. त्यामुळे पुण्यातील आणि आसपासच्या संग्राहकांच्या तलवारी, कट्यारी आणि दांडपट्टे वर्षभर माझ्या टेबलावर येत-जात असतात. ऑगस्ट २०२५ मध्ये नागपूरकर भोसले घराण्याचे संस्थापक पहिले रघुजीराजे यांची तलवार लंडनहून मुंबईत आली, त्या आठवड्यात मात्र शस्त्रांपेक्षा फोनच जास्त आले. एप्रिलमध्ये लंडनच्या सदबीज या संस्थेच्या लिलावात निघालेली ही तलवार महाराष्ट्र शासनाने मध्यस्थामार्फत मिळवली होती आणि हाताळणी, वाहतूक व विमा धरून तिच्यावर ४७.१५ लाख रुपये खर्च झाल्याचे वर्तमानपत्रांत छापून आले होते.

संग्राहकांच्या प्रतिक्रिया एकसारख्या नव्हत्या. एकाला आपल्या संग्रहाचे विम्यासाठीचे मूल्यांकन त्याच दिवशी नव्याने करून हवे होते. दुसऱ्याचा सूर तक्रारीचा होता. सरकारच खरेदीला उतरले, आता आमच्यासारख्या पगारदार माणसाने मराठा शस्त्रांकडे नुसते बघत बसायचे, असे त्याचे म्हणणे. वस्तुतः शंभर वर्षांहून जुनी वस्तू खासगी व्यक्तीला परदेशी नेता येत नाही, असा १९७२ चा कायदा आहे. त्यामुळे लंडनमधला भाव इथल्या कपाटातल्या तलवारीला लागू होत नाही, हे मी दोघांनाही समजावले. ते दोघांनाही आवडले नाही.

दुपारी जे काका माझ्याकडे बसले होते त्यांची चिंता निराळी होती. चाळीस वर्षांपूर्वी जुन्या बाजारात भंगाराच्या भावाने पाती उचलणारे हे गृहस्थ पैशांविषयी क्वचितच बोलतात. ते म्हणाले, "किंमत पोलादाची नसते रे, कागदाची असते. टिपूच्या तलवारीचंच बघ ना." मे २०२३ मध्ये बोनहॅम्सच्या लिलावात टिपू सुलतानाच्या शयनकक्षातील तलवारीला १ कोटी ४० लाख पौंडांहून अधिक रक्कम मिळाली होती. अंदाज होता तो १५ ते २० लाख पौंडांचा. ४ मे १७९९ रोजी टिपूची राजधानी श्रीरंगपट्टण पडल्यावर ती इंग्रजांचे सेनानी मेजर जनरल डेव्हिड बेअर्ड यांना भेट देण्यात आली, ही साखळी लेखी पुराव्याने जोडता येत होती आणि बोली चढली ती मुख्यतः त्या साखळीवर, असे काकांचे मत आहे. माझेही तेच आहे. रघुजीराजांच्या तलवारीचे पाते तर सरळ, एकधारी आणि युरोपात घडलेले; तसली फिरंगी पाती मराठा मुठींत बसवलेली आजही पाहायला मिळतात. तिचे मोल आहे ते पाठीवर, म्हणजे धारेच्या उलट्या कडेवर, सोन्याने लिहिलेल्या राजांच्या नावात आणि 'सेनासाहेब सुभा' या किताबात. "आता बघ," काका म्हणाले, "सहा महिन्यांत कोऱ्या पात्यांवर सरदारांची नावं उगवायला लागतील."

एवढ्यात एक वृद्ध शेतकरी आणि त्यांचा नातू आत आले. सोबत जुन्या साडीत गुंडाळलेली तलवार होती. देवघरात पिढ्यान्पिढ्या पुजलेली ती तलवार उघडली तेव्हा पाते आरशासारखे चमकत होते आणि माझ्या पोटात गोळा आला. एवढ्या जुन्या पोलादावर काळपट तपकिरी झाक असायला हवी. ती गेली याचा अर्थ वरचा थरच गेला.

"पेपरात वाचलं सोन्याच्या अक्षरांचं," आजोबा म्हणाले. "आमच्या तलवारीच्या पाठीवर पण काहीतरी पिवळं होतं, पण ते गंजासारखं दिसायचं. तुमच्याकडं आणायची म्हणून याने दोन दिवस पॉलिश पेपरने घासून लख्ख केली."

मी दिवा तिरपा धरला आणि भिंगातून पाठ तपासू लागलो. कोफ्तगारीत, म्हणजे पोलादावरच्या सोन्याच्या नक्षीकामात, पोलादावर आधी सुरीने बारीक आडव्या-तिडव्या रेघा मारतात, त्यांवर सोन्याची तार ठोकून बसवतात. सोने खोल रुतलेले नसते, पृष्ठभागाला नुसते धरून असते. खोबण कोरून तार बसवली असती, तर सोने गेल्यावरही अक्षराची घळ उरली असती. इथे वीतभर लांबीच्या पट्ट्यात त्या रेघांची पुसट जाळी तेवढी शिल्लक होती, म्हणजे लेख होता हे निश्चित, पण काय होता ते कळायला मार्ग नव्हता. मुठीलगत, जिथे कागद पोहोचला नव्हता, तिथे दोन अक्षरे चमकत होती: 'श्रीमं'. त्या दोन अक्षरांवरून सांगता येण्यासारखे काही नव्हते, कारण 'श्रीमंत' कोणीही असू शकतो.

काकांनी भिंग घेतले, बराच वेळ पाहिले आणि न बोलता परत दिले. गेल्याच तासात बनावट नावांवर तावातावाने बोलणारा माणूस पुढे काही बोलला नाही. नातवाने विचारले, "मग किती येतील?" आजोबांनी त्याच्याकडे पाहिले आणि विकायची नाहीच, असे मला सांगितले. ते आधीच ठरले होते की त्या क्षणी ठरले, कोण जाणे.

पात्याला मी हलके तेल लावून दिले आणि दसऱ्याला हळद-कुंकू मुठीपुरतेच ठेवा, लिंबाचा रस पात्याला अजिबात लागू देऊ नका, असे बजावले. मग एक आशा म्हणून, घासण्यापूर्वीचे एखादे छायाचित्र आहे का, असे विचारले. नातवाने मोबाइलमध्ये गेल्या दसऱ्याचा फोटो शोधून काढला. तलवार पाटावर ठेवलेली, पाठ नेमकी आमच्याकडे, आणि मुठीपासून वीतभर अंतरापर्यंत झेंडूचा जाड हार. मी फोटो मोठा करून पाहिला. दोन फुलांच्या फटीत पिवळे काहीतरी दिसत होते, पण ते सोने की पाकळी हे सांगता येईना. सातारच्या आत्याकडे जुना अल्बम आहे, तिला विचारतो, असे म्हणून त्याने तिथूनच तिला फोन लावला.