भाऊ न्यायला आला तो दिवस

मी मनोरुग्णालयात समाजसेवा अधीक्षक आहे. बऱ्या झालेल्या माणसाला घरी पोहोचवणं हे आमचं काम. ज्याला घर नाही, तो पूर्वी वॉर्डातच म्हातारा व्हायचा. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ चं कलम १९ सांगतं की घर नाही किंवा घरचे घेत नाहीत, एवढ्यावरून कुणालाही रुग्णालयात ठेवून घेता येणार नाही. बाहेर राहण्याची सोय सरकारनं करायची. कायदा झाला, सोय मात्र अजून मुंगीच्या पावलांनी चाललीय.

आमच्या वॉर्डातल्या मावशी पोलिसांना रस्त्यावर सापडलेल्या. नावसुद्धा कुणा सिस्टरनं ठेवलेलं. भाड्याच्या घरात त्यांच्यासह चौघींना ठेवायचं, सोबत दिवसरात्र एक मदतनीस, औषधं आणि तपासणी आमच्याकडून, असं ठरलं. बँक खात्यासाठी आधार काढायला गेलो तर अर्ज फेटाळला: बोटांचे ठसे आधीच नोंदलेले! आम्हाला लॉटरीच लागली. जुनं आधार निघालं, त्यावरून खरं नाव, गाव आणि शेवटी भाऊ.

भाऊ आला तो नवं लुगडं घेऊनच. दोघं पोटभर रडले. मग तो म्हणाला, "चल, घरी जाऊ."

"माझ्या खोलीत कोण असतं आता?"

"थोरल्याचं लग्न झालं ना. तुझी पडवीत सोय करतो की."

मावशी जरा वेळ गप्प. मग म्हणाल्या, "दादा, मी इथं घर बघितलंय. ओट्याखालचं डावीकडचं कपाट माझं आहे."

भाऊ माझ्याकडे वळला. "मॅडम, हिच्या बोलण्यावर काय जायचं? सही तर माझीच लागणार ना?"

नाही लागणार, म्हटलं. स्वतःच्या उपचाराचा निर्णय माणूस घेऊ शकतो असंच कायदा धरून चालतो. आजार आहे म्हणून तो हक्क जात नाही. मग राहायचं कुठं हे तिच्या वतीनं आपण कसं ठरवायचं? आमच्यातलेच एक जण कुजबुजले, "सख्खा भाऊ दारात उभा असताना भाड्याचं घर?" खरं सांगायचं तर अहवालात 'कुटुंबात पुनर्वसन' हा आकडा फार छान दिसतो. पण गावी गोळ्या संपल्या की पुन्हा आणायला कुणाला सवड नसते, आणि मग तीच बाई पुन्हा आमच्याच दारात येते. त्याचा रकाना अहवालात नाही.

भावाला घर दाखवायला नेलं. त्यानं आतली कडी लावून बघितली, गॅसची नळी तपासली, मदतनीस बाईंना विचारलं, "गोळ्या कोण देतं? रात्री हिला बरं वाटेनासं झालं तर?" रात्रीच्या फोनचा नंबर त्यानं स्वतःच्या वहीत उतरवून घेतला. आम्हाला कधी कुणी इतकं बारकाईनं विचारलं नव्हतं! मावशी तोवर कपाटात लुगडं ठेवून, "याला कुलूप आणा," असं मला बजावत होत्या.

भाऊबीजेला येतो म्हणून तो गेला. गावच्या रेशन कार्डावरून मावशींचं नाव कमी करून इथल्या कार्डावर चढवायचं काम आता माझ्या टेबलावर आहे.