परवानगी घेऊन उडवलेल्या गुहा: पिलबारातला प्रवास

पश्चिम ऑस्ट्रेलियातलं पर्थ शहर सोडून उत्तरेला निघालं की आधी गव्हाची शेतं संपतात, मग मेंढ्यांची कुरणं संपतात, आणि पुढे दोन पेट्रोल पंपांमधलं अंतर शे-दोनशे किलोमीटरवर जातं. कराथा गाव पर्थपासून रस्त्याने साधारण पंधराशे किलोमीटर. विमान दोन तासांत पोचवतं, पण मला जमीन बदलताना बघायची होती. एक्समाउथचा फाटा मागे पडला आणि माती लाल झाली. नुसती तांबूस नव्हे. बुटांच्या शिवणीत बसली की घरी धुतल्यावरही न निघणारी, गंजाची लाल. गंजच तो. हा पिलबारा, आणि इथल्या डोंगरांत लोखंड आहे.

माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान इथल्याच एका लोहखाणीत नोकरीला आहेत. दोन आठवडे खाणीवर, एक आठवडा पर्थला घरी, जाणं-येणं विमानाने. पर्थमधल्या मराठी मंडळींत अशी नोकरी करणारे आणखीही भेटले. म्हणजे आपलीही घरं या लोखंडावर चालतात. ज्या खाणींबद्दल लिहायचंय, त्यांचा पगार आमच्या घरात येतो, हे वाचणाऱ्याला आधीच माहीत असलेलं बरं.

कराथाच्या पुढे समुद्रात घुसलेला जमिनीचा सुळका म्हणजे मुरुजुगा. नकाशावर बरप द्वीपकल्प असंही नाव सापडतं. इथल्या खडकांवर दहा लाखांच्या घरात कोरीव चित्रं आहेत असा अंदाज आहे, आणि त्यांतली सगळ्यात जुनी चाळीस-पन्नास हजार वर्षांपूर्वीची असावीत असं मानतात. न्गाजार्ली नावाच्या घळीत सातशे मीटरची, जमिनीपासून उचललेली पायवाट बांधली आहे. त्यावरून कोणीही, चाकाच्या खुर्चीतला माणूससुद्धा, चित्रांपर्यंत जाऊ शकतो. दोन्ही बाजूंना तपकिरी-काळ्या खडकांचे ढीग.

सुरुवातीला मला काहीच दिसेना. दगड, दगड आणि दगड. मग ऊन कललं आणि एका खडकावर जाड बुंध्याची शेपटी उमटली, तिच्या पुढे कांगारूची पाठ, मग कान. त्यानंतर मात्र जिथे बघावं तिथे काहीतरी होतं: कासव, इमूची पावलं, माणसांसारख्या आकृत्या. याच परिसरात थायलसिन या पट्टेवाल्या प्राण्याचीही चित्रं आहेत, आणि तो प्राणी ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवरून हजारो वर्षांपूर्वीच नाहीसा झालाय. कोरायची पद्धत साधी. खडकावर हवेने चढवलेला गडद थर दगडाने टोचून काढायचा. जांभ्याला पहार लागली की आतला ताजा रंग दिसतो, तशी खालची फिकट रेघ वर येते.

जांभा आठवला तो उगाच नाही. मी राजापूर तालुक्यातली. आमच्या सड्यांवर बारसू, देवाचे गोठणे, देवीहसोळ इथे कातळात कोरलेली चित्रं आहेत. गावात विचारलं तर पांडवांनी काढली म्हणून सांगायचे, आणि गुरं त्यांवरूनच जायची. २०२२मध्ये ही कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. २०२३च्या एप्रिलमध्ये त्याच बारसूच्या सड्यावर रिफायनरीसाठी माती परीक्षण सुरू झालं आणि गावच्या बायका रस्त्यावर आडव्या झाल्या. त्यामुळे न्गाजार्लीकडे वळताना समोर वायुप्रकल्पाची ज्योत दिसली तेव्हा मला वाट विचारावी लागली नाही. वारसा की कारखाना, हा प्रश्न मी घरातून घेऊन आले होते.

मुरुजुगात तो प्रश्न फार आधी येऊन गेलाय. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला वायुप्रकल्प उभारताना दीड हजाराहून जास्त कोरीव खडक उचलून एका कुंपणाच्या आत नेऊन ठेवले गेले, आणि तिथे ते तीन दशकं पडून राहिले. ज्यांची ती चित्रं, त्या यबुरारा लोकांची १८६८मध्ये पोलिस आणि वसाहतवाल्यांच्या टोळ्यांनी कत्तल केली होती. आज ॲबोरिजिनल, म्हणजे इथल्या मूळनिवासी, पाच भाषागटांचे लोक मिळून मुरुजुगा ॲबोरिजिनल कॉर्पोरेशनमार्फत ही भूमी सांभाळतात. जुलै २०२५मध्ये पॅरिसच्या बैठकीत मुरुजुगा जागतिक वारसा झालं. कारखान्यांच्या धुराने खडकावरचा थर झिजतो का, यावर शास्त्रज्ञांत वाद आहे. युनेस्कोच्या सल्लागारांनी तर आधी धुराचा बंदोबस्त करा, मग बघू, अशी शिफारस केली होती. नोंद झाली ती पारंपरिक राखणदारांनी स्वतः तिथे जाऊन बाजू मांडल्यामुळे. आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये केंद्र सरकारने वायुप्रकल्पाला २०७०पर्यंत चालू राहायची अंतिम मुभा दिली. दोन्ही निर्णयांत जेमतेम दोन महिन्यांचं अंतर.

कराथाहून आम्ही टॉम प्राइस या खाणींच्या गावाला निघालो. जवळचा रस्ता रेल्वेमार्गाच्या कडेने जातो आणि खाणकंपनीच्या मालकीचा आहे, त्यामुळे आधी परवाना काढावा लागतो. रस्त्याच्या कडेला स्टर्ट्स डेझर्ट पी फुललेली, लालभडक पाकळ्या आणि मधे काळा डोळा. एका फाटकाशी गाडी थांबली. समोरून खनिजाची गाडी चालली होती, दोनशेच्या वर वाघिणी, लांबी दोन किलोमीटरहून जास्त. इंजिनात माणूस नव्हता. बहिणीचे यजमान म्हणाले, "ताई, ही गाडी पर्थमधून चालवतात. पंधराशे किलोमीटरवरून."

टॉम प्राइसच्या वायव्येला साधारण साठ किलोमीटरवर जुकान घळ आहे. तिथे जाता येत नाही, आणि जाऊही नये. ती पुटू कुंटी कुर्रामा आणि पिनिकुरा या लोकांची जागा. घळीला त्यांच्याच एका पूर्वजाचं नाव आहे. तिथल्या दोन गुहांपैकी एकीत माणसाचा वावर ४६ हजार वर्षांपासूनचा निघाला. हिमयुगातही ती सोडून दिली गेली नव्हती, आणि ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागात असा सलग पुरावा फार थोड्या ठिकाणी आहे. २०१४च्या उत्खननात सात हजारांच्या आसपास वस्तू मिळाल्या. २८ हजार वर्षांपूर्वीचं, कांगारूच्या हाडाचं टोकदार हत्यार. आणि माणसाच्या केसांची वेणी घालून केलेला, चार हजार वर्षांपूर्वीचा पट्टा. त्या केसांचा डीएनए तपासला तेव्हा तो आज हयात असलेल्या त्याच समाजाच्या लोकांशी जुळला. ते केस अनेक वेगवेगळ्या माणसांचे होते. पट्टा एकाचा, पण केस सगळ्यांनी दिलेले. माझं मन अजून तिथेच अडकून आहे.

२४ मे २०२० रोजी रिओ टिंटो या खाणकंपनीने सुरुंग लावून या गुहा उडवल्या.

आणि ते बेकायदा नव्हतं. हे मी पुन्हा पुन्हा वाचलं. पश्चिम ऑस्ट्रेलियात १९७२पासून ॲबोरिजिनल वारसा संरक्षण कायदा आहे. त्यात कलम १८ आहे: जागेला धक्का लावायचा असेल तर जमीनधारकाने, म्हणजे बहुतेक वेळा खाणकंपनीने, अर्ज करायचा, समितीने सल्ला द्यायचा आणि मंत्र्यांनी ठरवायचं. खाणींचे असे अर्ज जवळपास सगळेच मंजूर होत आले. अर्ज फेटाळला गेला तर कंपनीला दाद मागता येत होती. मंजूर झाला तर ज्यांचे पूर्वज तिथे राहिले त्यांना नाही. जुकानची परवानगी २०१३ची. केसांचा पट्टा सापडला २०१४मध्ये. नवा पुरावा आला म्हणून परवानगी पुन्हा तपासायची सोय त्या कायद्यात कुठेच नव्हती. वारसा वाचवायला केलेला कायदा वारसा मोडायच्या परवानग्या देणारी खिडकी होऊन बसला होता.

२०२०च्या मे महिन्यात त्या समाजाने जुलैतल्या उत्सवासाठी घळीत जायची परवानगी मागितली, तेव्हा त्यांना कळलं की सुरुंगांत दारू आधीच भरून झालीय. कंपनीशी केलेल्या करारात तोंड बंद ठेवण्याच्या अटी होत्या. पुढे संसदीय चौकशीत उघड झालं की खाणीच्या आराखड्याचे चार पर्याय होते आणि त्यांतल्या तिघांत गुहा वाचत होत्या. चौथा निवडला तो ऐंशी लाख टन जादा खनिजासाठी, किंमत साडेतेरा कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर. ते तीन पर्याय आहेत हे त्या समाजाला कधी सांगितलंच नव्हतं. मुख्याधिकारी आणि आणखी दोन वरिष्ठांना जावं लागलं. चौकशी समितीने डिसेंबर २०२०मधल्या अंतरिम अहवालाला नाव दिलं, 'पुन्हा कधीच नाही'.

टॉम प्राइसच्या कॅरव्हॅन पार्कात शेजारच्या तंबूत गव्हाच्या पट्ट्यातलं एक वयस्कर शेतकरी जोडपं होतं. रात्री चहाच्या निमित्ताने बोलणं निघालं. जुकानबद्दल त्यांनाही वाईट वाटत होतं, अगदी मनापासून. पण २०२३च्या कायद्याचा विषय काढताच त्या गृहस्थांचा आवाज चढला. डिसेंबर २०२१मध्ये राज्याने नवा कायदा केला आणि तो १ जुलै २०२३ला लागू झाला. अकराशे चौरस मीटरहून मोठ्या जागेत काही कामं करायची तर श्रेणीप्रमाणे तपासणी, सल्लामसलत, परवाना. मोठं नुकसान झालं तर व्यक्तीला दहा लाख डॉलरपर्यंत आणि कंपनीला एक कोटीपर्यंत दंड. ते म्हणाले, कुंपणाचे खांब बदलायचे तर कुणाला विचारायचं तेच कळत नव्हतं, फोन उचलायला माणूस नव्हता. यात तथ्य होतं. ज्या स्थानिक ॲबोरिजिनल संस्थांनी सल्ला द्यायचा, त्यांतल्या बहुतेक उभ्याच राहिल्या नव्हत्या. नियम आले शेवटच्या क्षणी. अडवणूक करतात म्हणून खापर मात्र त्याच संस्थांवर फुटलं.

विरोधी पक्षांनी आणि शेतकरी संघटनांनी रान उठवलं. विधिमंडळाकडे गेलेल्या याचिकेवर तीस हजारांच्या आसपास सह्या झाल्या. त्याच सुमारास देशात 'व्हॉइस'च्या, म्हणजे संसदेला सल्ला देणाऱ्या मूळनिवासींच्या मंडळाला राज्यघटनेत स्थान द्यायचं का याच्या, सार्वमताचा प्रचार तापला होता, आणि दोन्ही विषय लोकांच्या डोक्यात एकमेकांत मिसळले. ८ ऑगस्टला मुख्यमंत्री रॉजर कुक यांनी कायदा मागे घेत असल्याचं जाहीर करून माफी मागितली. सव्वा महिन्यात खेळ खलास. १४ ऑक्टोबरला सार्वमतही पडलं. नोव्हेंबरपासून १९७२चाच कायदा दुरुस्त्या करून पुन्हा लागू झाला.

ॲबोरिजिनल नेत्यांचं दुःख तर वेगळंच. २०२१चा कायदाही त्यांना पुरेसा वाटत नव्हता, कारण अखेरचा शब्द मंत्र्यांचाच होता. त्यांतल्या काहींनी संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेदविरोधी समितीकडे तक्रारही नेली होती. त्यांना अपुरा वाटणारा कायदा इतरांना जास्त वाटला म्हणून गेला.

माझं मत सांगते. शेतकऱ्याची तक्रार खरी होती आणि ती दुरुस्त करता आली असती. लहान शेतकऱ्याला मोकळं करा, संस्थांना पैसा आणि माणसं द्या, वर्षभर थांबा. पण कुंपणाच्या खांबाचा आणि लोहखाणीच्या सुरुंगाचा प्रश्न एकाच कायद्यात कोंबला, आणि खांबासाठी झालेल्या ओरड्यात सुरुंगवाल्यांवरचाही अंकुश ढिला झाला. हे मला पटत नाही.

जुन्या कायद्यातल्या दुरुस्त्या मात्र निरर्थक नाहीत. आता ॲबोरिजिनल मालकांनाही मंत्र्यांच्या निर्णयाविरुद्ध राज्याच्या न्यायाधिकरणात जाता येतं. नवी माहिती मिळाली तर ती मंत्र्यांना कळवणं बंधनकारक आहे. एवढं जरी २०१४ साली असतं, तर केसांच्या पट्ट्याची बातमी मंत्र्यांच्या टेबलावर गेली असती. त्याच वेळी राज्याच्या हिताचा मुद्दा असेल तर मुख्यमंत्र्यांना प्रकरण स्वतःच्या हातात घेता येतं. आणि या राज्यात राज्याचं हित म्हणजे काय, हे ती दोन किलोमीटरची गाडी बघितल्यावर कुणी समजावून सांगावं लागत नाही.

मी बहिणीच्या यजमानांना विचारलं, तुमच्या खाणीवर काय बदललं? थोडं थांबून ते म्हणाले, "आता सुरुंगाआधी वारशाच्या जागा आखलेला नकाशा समोर असतो, आणि शंका आली तर काम थांबवायचं, असं शिकवतात. पण ताई, ते कंपनीने ठरवलंय. उद्या कंपनी बदलली तर?" खाणीत नोकरी करणारा माणूस हे बोलला, म्हणून मला ते महत्त्वाचं वाटतं. संसदीय समितीने २०२१च्या अंतिम अहवालात केंद्राने स्वतः किमान मानकांचा कायदा करावा असं सांगितलं होतं. हे लिहीपर्यंत तो झालेला नाही. केंद्राचा १९८४चा जुना कायदाच शेवटचा उपाय म्हणून चालू आहे.

जाणार असाल तर एप्रिल ते सप्टेंबर जा, तिथल्या उन्हाळ्यात, म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारीत, पारा पंचेचाळीसपर्यंत चढतो. न्गाजार्लीला शक्यतो तिथल्या ॲबोरिजिनल वाटाड्यांसोबत फिरा. कुठली चित्रं बघायची आणि कुठल्या जागी पाऊल टाकायचं नाही, हे त्यांच्याकडूनच कळतं. खडकांना हात लावू नका, पायवाट सोडू नका. टॉम प्राइसच्या रस्त्याचा परवाना आधी काढून ठेवा. आणि आपल्या रत्नागिरी-सिंधुदुर्गाची कातळशिल्पं अजून बघितली नसतील, तर पावसाळा सरल्यावर आधी तिकडे जाऊन या.