प्रीपेडला बिल नसतं म्हणे

लँडलाइनचं बिल आठवतंय का कुणाला? दर दोन महिन्यांनी यायचं, त्यात मागचं रीडिंग, आताचं रीडिंग, फ्री कॉल वजा, उरले त्याचे एवढे, आणि बाबा ते घेऊन चष्मा लावून बसायचे नि मग "नागपूरला कोण बोललं एवढा वेळ" म्हणून आमची हजेरी घ्यायचे. बिल चुकीचं असायचं की नाही देव जाणे, पण भांडायला हातात कागद तरी असायचा. आता दहातले नऊ मोबाइल प्रीपेड, म्हणजे पैसे आधी मोजायचे आणि हिशोब मागायचाच नाही.

आमचे मामा गावी असतात, साधा बटणांचा फोन वापरतात. परवा म्हणाले, "अरे, बॅलन्स टाकला की नुसता झिजतो बघ, मी तर कुणाला फोनपण करत नाही." बघितलं तर पैसे कापणारी कॉलर ट्यून चालू. मामांना फोन लावला की कसलंतरी ढिंच्याक रिमिक्स वाजायचं आणि आम्ही सगळे समजत होतो की मामांना या वयात हौस आलीय! झालं असं असणार की त्यांनी कुणालातरी फोन केला, तिकडून "ही ट्यून हवी असेल तर स्टार दाबा" आलं आणि कुठेतरी बोट लागलं.

आता गंमत म्हणजे याच्यासाठी नियम आहेत, चांगले आहेत. ट्रायने, म्हणजे फोन कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, 2013 मध्येच सांगितलंय की अशी कुठलीही सेवा चालू करताना ग्राहकाचा होकार दोनदा घ्यायचा, बंद करायला 155223 हा टोल-फ्री नंबर, आणि पैसे कापल्यापासून 24 तासांत तक्रार केली तर पैसे परत. पण 24 तासांत मामांना कळणार कसं? कापल्याचा मेसेज इंग्रजीत, तोही लोन आणि रमीच्या वीस मेसेजखाली गाडलेला. नियम करणाऱ्यांनी बहुतेक स्वतःचाच फोन डोळ्यासमोर ठेवला असावा.

मी ट्यून बंद केली आणि कंपनीच्या दुकानात जाऊन मागच्या सहा महिन्यांचं आयटमाइज्ड बिल, म्हणजे कशाकशाचे किती कापले त्याची यादी, मागितलं. काउंटरवरचा पोरगा माझ्याकडे असा बघायला लागला की जणू मी त्याची जमीन मागतोय. "सर, प्रीपेडला बिल नसतं." असतं रे बाबा! 2012 च्या ग्राहक संरक्षण नियमांत आहे, प्रीपेडवाल्याने मागितलं तर वापराचा तपशील द्यायचा, आणि त्याचे 50 रुपयांपेक्षा जास्त घ्यायचे नाहीत. त्याला खरंच माहीत नव्हतं, त्याच्यावर काय चिडणार, त्याला सिम विकायचं टार्गेट.

अजून एक, 100 चा टॉपअप मारला की 81.75 च का मिळतात हे मामांना कुणीच सांगितलं नव्हतं. 18 टक्के जीएसटी आणि वर 3 रुपये प्रोसेसिंग फी, एवढंच आहे ते, लपवण्यासारखं काहीच नाही, पण दुकानदारालाही सांगता येत नाही म्हणून लोकांना वाटतं तोच मधे खातो. आणि 28 दिवसांचा "महिना" तर सगळ्यांना पाठ झालाय, वर्षात 12 च्या जागी 13 रिचार्ज. 2022 मध्ये ट्रायने सांगितलं की निदान एक प्लॅन 30 दिवसांचा आणि एक दर महिन्याला त्याच तारखेला येणारा ठेवा, ते ठेवलेत बरं का, फक्त ॲपमध्ये शोधून दाखवा. डिसेंबर 2024 मध्ये नेट नको असणाऱ्यांसाठी फक्त कॉल आणि एसएमएसचे प्लॅन द्या म्हटलं, मामांसारख्यांसाठी एकदम बरोबर, पण किमती बघितल्या तर नेट काढून फार काही वाचत नाही.

कोर्टात जायचं म्हटलं तर तिथेही बरीच वर्षं दार बंदच होतं. 2009 मध्ये सुप्रीम कोर्टाने टेलिफोनच्या बिलाचं भांडण ग्राहक मंचात चालणार नाही, टेलिग्राफ कायद्याप्रमाणे लवादाकडे जा, असं म्हटलं होतं आणि कंपन्या तोच निकाल पुढे करायच्या. मग अहमदाबादची एक केस आली, महिन्याला सरासरी 555 रुपये बिल येणाऱ्या माणसाला एका महिन्यात 24,609 रुपयांचं बिल! तो माणूस हटला नाही, प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि फेब्रुवारी 2022 मध्ये निकाल लागला की ग्राहक मंचात तक्रार करता येते. म्हणजे 2013 च्या बिलासाठी, पैसे मिळणार की नाही हे सोडाच, तक्रार कुठे करायची एवढंच ठरायला आठेक वर्षं.

मामांना कंपनीने थोडे पैसे परत दिले, "वन टाइम गुडविल" म्हणून. म्हणजे आपलेच पैसे आणि वर उपकार! मी दुकानात मागितलेला तपशील मात्र अजून आलेला नाही. तुम्ही कधी कंपनीला तक्रारीचा फोन केलात तर डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, मागून लिहून ठेवा, तो नसेल तर पुढे कंपनीच्याच अपील विभागात तुम्हाला कुणी उभं करत नाही, आणि असेल तर तिथे 39 दिवसांत निर्णय द्यावा लागतो. तिथेही नाही जमलं तर 1915, ग्राहक हेल्पलाइन.