डी-३२ छापलेली रोडरनर

जुन्या मसल कारचा, म्हणजे साठ-सत्तरच्या दशकातल्या दणकट इंजिनाच्या अमेरिकन गाडीचा, मालक आमच्याकडे आला की बोलणं इंजिनापासून सुरू होतं आणि गिअरबॉक्सपाशी येऊन अडतं. ऑटोमॅटिक ठेवायचा की फोर-स्पीड मॅन्युअल बसवायचा? डेट्रॉइटच्या उत्तरेला एका लहानशा गॅरेजमध्ये मी हेच काम करतो. जुने गिअरबॉक्स उघडायचे, झिजलेलं बदलायचं, परत बांधायचे. मॅन्युअलही करतो आणि ऑटोमॅटिकही. त्यामुळे या वादात मला कुठल्या एका बाजूचं घर नाही. पण त्या शुक्रवारी आलेल्या रोडरनरने माझं मत पक्कं केलं, म्हणून ती हकिकत सविस्तर लिहितो.

गाडी क्रायस्लर कंपनीची, १९६९ची प्लिमथ रोडरनर. ३८३ घनइंचांचं, म्हणजे साधारण ६.३ लिटरचं व्ही-एट इंजिन, कंपनीच्या आकड्याप्रमाणे ३३५ अश्वशक्ती. तिचे मालक सत्तरीच्या पुढचे, आयुष्यभर डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारे साचे, बनवण्याचं काम करून निवृत्त झालेले. हजारांश इंचाच्या हिशेबात वावरलेला माणूस. त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. त्यावर सगळी यादी होती: ए-८३३ फोर-स्पीड गिअरबॉक्स, बेलहाउसिंग, फ्लायव्हील, क्लच, पेडलचा सेट, हर्स्टचा गिअर लिव्हर. बरेच भाग त्यांनी जमवूनही ठेवले होते.

"ऑटोमॅटिक आता गेलाच आहे," ते म्हणाले. "दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना इंजिन नुसतं रेस होतं. रिव्हर्स टाकला की क्षणभर काहीच होत नाही. उतरवणारच आहात तर आता फोर-स्पीडच बसवा. रोडरनर अशीच असायला हवी. आमच्या शनिवारच्या गाड्यांच्या अड्ड्यावर लोक बोनेट बघून खूश होतात, मग आत डोकावतात आणि 'ओह' म्हणतात."

त्या 'ओह'चं दुखणं मला कळतं. १९६८ साली रोडरनर आली तेव्हा फोर-स्पीड मॅन्युअल हाच तिचा मूळ गिअरबॉक्स होता आणि ऑटोमॅटिकला जादा पैसे पडत. तीन हजार डॉलरच्या आत मिळणारी, आतून साधी, बाकी सगळा पैसा इंजिन-सस्पेन्शनवर घातलेली ही गाडी. तरुण पोरांनी ती घेतली ती डेट्रॉइटच्या वुडवर्ड ॲव्हेन्यू या रस्त्यावर रात्री एका सिग्नलपासून दुसऱ्या सिग्नलपर्यंत पळवायला. त्या आठवणीत डावा पाय क्लचवर आणि उजवा हात लिव्हरवर असतो, हे खरंच आहे.

पण त्यांनी सांगितलेली दोन लक्षणं ऐकताच माझं लक्ष त्या यादीवरून उडालं. या गाडीत असलेल्या क्रायस्लरच्या टॉर्कफ्लाइट ७२७ या ऑटोमॅटिकमध्ये पेडलचा नाही, पण आत तेलाच्या दाबावर पकडणारे क्लच असतात. त्यातला पुढचा क्लच फक्त दोनच वेळा पकडतो, तिसऱ्या गिअरला आणि रिव्हर्सला. पहिला-दुसरा व्यवस्थित आणि तिसरा-रिव्हर्स ढिला, म्हणजे गिअरबॉक्स 'गेलेला' नाही. एक क्लच जळलेला आहे, आणि तो आपोआप जळत नाही.

बोनेट उघडला आणि कारण समोर दिसलं. आधीच्या कुणा मालकाने नवा फोर-बॅरल कार्ब्युरेटर बसवला होता. कार्ब्युरेटरपासून गिअरबॉक्सपर्यंत जाणारी दांडी नव्या लिव्हरला जुळली नाही, म्हणून ती सरळ तारेने फायरवॉलला बांधून ठेवलेली. बरेच जण तिला 'किकडाउनची दांडी' म्हणतात आणि समजतात की ओव्हरटेक करताना खालचा गिअर टाकण्यापुरतीच ती लागते. तिचं मोठं काम वेगळंच आहे. ॲक्सिलरेटर किती दाबला हे ती गिअरबॉक्सला सांगते, त्यावर आतल्या तेलाचा दाब ठरतो आणि त्या दाबावर क्लच किती घट्ट पकडायचा हे ठरतं. दांडी सुटलेली असली की गिअरबॉक्सला वाटतं ड्रायव्हर निवांत चाललाय. तो गिअर लवकर बदलतो, दाब कमी ठेवतो, आणि इकडे ३३५ घोडे त्या अर्धवट पकडलेल्या क्लचवर तुटून पडतात. ७२७ या दांडीवाचून चालवू नये, हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो.

मग फेंडर टॅग वाचला. बोनेटखाली डावीकडे स्क्रूने लावलेली ती छोटी पत्र्याची पट्टी म्हणजे त्या काळच्या क्रायस्लर गाड्यांची जन्मपत्रिका. त्यावर डी-३२ छापलं होतं: हेवी ड्यूटी टॉर्कफ्लाइट. फोर-स्पीडचा कोड डी-२१ असतो. गाडी लिफ्टवर घेतली, गिअरबॉक्सच्या केसवरचा मळ ब्रशने काढला आणि आकडे उजेडात आले. १९६८पासून क्रायस्लर गाडीच्या नंबराचा शेवटचा भाग इंजिनावर आणि गिअरबॉक्सवरही ठोकत असे. तिन्ही ठिकाणचे आकडे जुळले. कारखान्यातून गाडी बाहेर पडली तेव्हा जो गिअरबॉक्स खाली होता, तोच अजून खाली होता.

मालकांना मी लिफ्टखाली बोलावलं. टॉर्चच्या उजेडात ते बराच वेळ ते आकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हे छान आहे. पण मला गाडी चालवायची आहे, विकायची नाही."

हे उत्तर मला फार आवडलं. नंबर जुळतात एवढ्यासाठी मनाविरुद्ध गिअरबॉक्स ठेवावा असं मीही मानत नाही. म्हणून ठरवलं की आधी गिअरबॉक्स उतरवू, आतलं सगळं त्यांना दाखवू, मग निर्णय त्यांचा.

दुपारी गिअरबॉक्स खाली आला. पॅनमध्ये काळपट तेल आणि तळाला क्लचचा चुरा. पुढच्या क्लचच्या प्लेटांवरचं अस्तर करपून गेलेलं. मागचा क्लच, बँड, प्लॅनेटरी गिअर, सगळं मात्र ठणठणीत. इतकी वर्षं चाललेल्या गिअरबॉक्सच्या पोटात एवढं चांगलं सामान सापडलं की मला मनापासून आनंद होतो. १९६२मध्ये ॲल्युमिनियम केससह आलेला हा ७२७ किती दणकट विचाराने बांधलाय, ते उघडल्यावरच कळतं.

मग फ्लेक्सप्लेट, म्हणजे इंजिनाला ऑटोमॅटिकशी जोडणारी चकती, काढून क्रँकशाफ्टचं मागचं टोक बघितलं. मॅन्युअल गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं टोक क्रँकमध्ये बसवलेल्या पायलट बुशमध्ये टेकतं. ऑटोमॅटिकसाठी बनवलेल्या क्रायस्लरच्या अनेक क्रँकांत ते भोक पूर्ण मापात केलेलंच नसतं, कारण त्याची गरज नसते. इथेही तसंच होतं. म्हणजे फोर-स्पीड हवा तर एक तर इंजिन उतरवून क्रँक मशीनिंगला द्यायचा, नाहीतर टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाचा जोर तेलातून ऑटोमॅटिकला देणारा भाग) जिथे बसतो त्या मोठ्या खाचेत वेगळं बेअरिंग ठोकून इनपुट शाफ्टचं टोक कापायचं. दुसरी वाट चालते, मी ती केलेली आहे, पण पहिली मला जास्त पटते.

आणि तेवढ्यावर भागत नाही. या गाड्यांत फोर-स्पीडसाठी फ्लोअरला वेगळा उंचवटा असतो, कारण लिव्हरची यंत्रणा गिअरबॉक्सच्या बाजूला बसते. ऑटोमॅटिक गाडीत तो नसतो. तिथला पत्रा कापून उंचवटा वेल्ड करावा लागतो. क्लचच्या पेडलकडून येणारा जोर पुढे पोचवणाऱ्या झेड-बारसाठी चॅसीवर ब्रॅकेट लागतं, तेही वेल्ड करायचं. डॅशखालचा पेडलांचा सांगाडा अख्खा बदलायचा. यादीत पेडल होती. उंचवटा, ब्रॅकेट आणि क्रँकचं भोक नव्हतं.

"फ्लोअर कापायचा?" त्यांनी विचारलं.

"हो. आणि एकदा कापला की तो परत तसा होत नाही."

पत्र्याच्या डाय बनवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला याहून जास्त सांगावं लागलं नाही. तरी मी सांगितलं, कारण अर्धी गोष्ट ऐकवून निर्णय घ्यायला लावणं मला पटत नाही. मॅन्युअलचं सुख खरं आहे. कुठल्या क्षणी कुठला गिअर हे तुम्ही ठरवता, वळणावर इंजिन हातात राहतं, गाडीशी सतत बोलणं चालू असतं. मला स्वतःला फोर-स्पीड चालवायला अतिशय आवडतो. गाडी मुळात डी-२१ असती तर कितीही खर्च येवो, मी तोच बांधायला सांगितलं असतं.

पण ऑटोमॅटिक म्हणजे मसल कारमधला कमीपणा, ही समजूत इतिहासाला धरून नाही. क्रायस्लरच्याच इंजिनिअरांच्या 'रामचार्जर्स' क्लबने १९६३मध्ये पळवलेली लाल-पांढऱ्या पट्ट्यांची डॉज 'कँडीमॅटिक' या नावाने ओळखली जायची. त्या नावातलं 'मॅटिक' म्हणजे बटणं दाबून चालणारा टॉर्कफ्लाइटच. पाव मैलाच्या शर्यतीत ज्यांना जिंकायचं होतं त्यांनीच तो निवडला होता. कारण हिशेबात आहे. ए-८३३चा पहिला गिअर २.६६चा, ७२७चा २.४५चा, कागदावर मॅन्युअल पुढे. पण गाडी जागेवरून सुटताना टॉर्क कन्व्हर्टर इंजिनाचा टॉर्क जवळजवळ दुप्पट करून पुढे देतो. शिवाय गिअर बदलताना ॲक्सिलरेटर सोडावा लागत नाही. उत्तम ड्रायव्हरच्या हातात फोर-स्पीड बरोबरी करतो, कधी पुढेही जातो. आपल्यासारख्या बहुतेकांच्या हातात टॉर्कफ्लाइट पुढे असतो.

हायवेवर शांत चालावं म्हणूनही अनेक जण फोर-स्पीड मागतात. त्यात काही अर्थ नाही. दोन्हींचा शेवटचा गिअर एकास एकच आहे. त्यांच्या ३.२३च्या डिफरन्शियलवर ताशी सत्तर मैलांना इंजिन सुमारे २,९०० फेरे फिरणार, गिअरबॉक्स कुठलाही असो. ते खाली आणायचं तर ओव्हरड्राइव्हचा आजचा फाइव्ह-स्पीड लागेल. शेवटचा गिअर ०.६८चा असेल तर त्याच वेगाला दोन हजारांच्या खाली येतं. ज्यांना रोज लांब जायचं असतं त्यांना मी तो आवर्जून सुचवतो. हे गृहस्थ मात्र शनिवारी वुडवर्डवर जातात, जिथे उन्हाळ्यात गाड्या एकीला एक लागून रांगत असतात. जड क्लच दाबत तासभर त्या रांगेत काढणं काय असतं ते मी त्यांना रंगवून सांगितलं नाही. फक्त विचारलं, "गाडी आणखी कोण चालवतं?"

"बायको. तिला मॅन्युअल येत नाही," ते म्हणाले. मग थोडं थांबून, "आणि ती माझ्यापेक्षा जास्त चालवते."

त्यांनी कागदाची घडी घालून परत खिशात ठेवली.

पुढच्या आठवड्यात ७२७ बांधून तयार झाला. पुढच्या क्लचला नवे प्लेट आणि सील, नवे बँड, कन्व्हर्टर बाहेर देऊन साफ करून आणलेला, कूलरच्या नळ्या धुतलेल्या. कार्ब्युरेटरला जुळणारं ब्रॅकेट आणून दांडी नीट लावली. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर दांडीही पूर्ण मागे जाते की नाही हे दोनदोनदा तपासलं.

चाचणीला मालक स्वतः बसले. मोकळा रस्ता आल्यावर त्यांनी पाय तळापर्यंत दाबला. गाडी एका झटक्यात दुसऱ्यात उतरली, नाक वर आलं, आणि पुढचा तिसरा इतका खणखणीत पडला की सीटमध्ये पाठ टेकली. हा पिकअप त्यांच्या गाडीत पहिल्यापासून होता. तारेने बांधलेल्या दांडीने तो अडवून धरला होता.

"फोर-स्पीडचे भाग काय करू?" परत येताना त्यांनी विचारलं. डी-२१च्या गाड्यांना हे भाग शोधून सापडत नाहीत, अशा एखाद्या गाडीला द्या, असं मी म्हटलं. आमच्याकडेच तशी एक डॉज सुपर बी उभी होती, तिच्या मालकाचा नंबर दिला.

गाडी घेऊन जाण्याआधी त्यांना तेल तपासायची पद्धत दाखवली. इंजिन चालू, तेल गरम आणि गिअर न्यूट्रलमध्ये, पार्कमध्ये नाही, कारण पार्कमध्ये या गिअरबॉक्सचं तेल कन्व्हर्टरकडे फिरत नाही आणि पातळी खोटी दिसते. त्यांनी खिशातली पेन्सिल काढून हे त्याच यादीच्या मागच्या बाजूला लिहून घेतलं आणि विचारलं, पुढे कधी कार्ब्युरेटर बदलला तर? आधी दांडी, मग किल्ली, मी म्हटलं. तेही त्यांनी लिहिलं.